दतियाला निघालेली उशी

आमचे पूर्वज शिलेदार होते आणि दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. घोड्याच्या पाठीवर पडशी, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी लोंबणारी दुतोंडी पिशवी, आणि त्या पडशीत पीठ, मीठ, कपडालत्ता, सगळा संसार. मध्ये नर्मदा ओलांडली, पण कुणाची पडशी पाण्यात पडल्याचं घराण्यात कुणी सांगत नाही. त्यांचा हा वंशज जयेंद्रगंजातल्या आपल्या घरून सायकलीवर निघाला आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर त्याची डावीकडची पिशवी रस्त्यावर पडली. मागून एक मुलगी स्कूटीवरून ओरडली, "अंकल, आपका कुछ गिर गया!" मी मनात म्हटलं, कुछ नाही बाई, घराण्याची अब्रू. मग उतरलो, पिशवी उचलली आणि सायकल हातात धरून घरी आलो.

हा खटाटोप दादासाठी चालला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरी झाशीला रेल्वेच्या ऑफिसात आणि बिऱ्हाड ग्वाल्हेरला, त्यामुळे त्याचं निम्मं आयुष्य गाडीच्या खिडकीत गेलं. वाटेत दतिया लागतं. तिथल्या टेकडीवरचा जुना महाल रुळांवरून दिसतो, आणि दादा तो जाताना एकदा, येताना एकदा बघायचा. "नीट बघेपर्यंत गाडी पुढे चालली जाते रे," असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला. रिटायर झालो की सायकलीने दतियाला जायचं, महालासमोर सायकल उभी करायची आणि पोट भरून बघायचं, एवढाच त्याचा बेत. काशी नाही, रामेश्वर नाही, दतिया.

तो रिटायर झाला आणि डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार. मधलं नीट दिसतं, पण कडांकडून काळोख आत सरकत चाललाय. दादा सांगतो, नळीतून बघितल्यासारखं वाटतं, आणि नळी अरुंद होत चाललीय. डॉक्टरांनी सायकल बंद करा म्हणून सांगितलं. दादाने त्यांच्याशी भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस केली आणि सुटसुटीत रस्ता, दिवसाउजेडी, कुणी तरी पुढे असेल तर, एवढी थंडी संपेपर्यंत, अशी सवलत मिळवली. म्हणजे होळीच्या आत दतिया झालं तर झालं. नाही तर मग महाल दिसला काय आणि न दिसला काय, सायकलीवरून तर दिसणार नव्हताच.

कुणी तरी सुचवलं की दोघांनी चालवायची जोडसायकल आणा आणि दादाला मागे बसवा. दादाचा चेहरा पडला. "मला पार्सल नाही व्हायचं," तो म्हणाला. "माझे पाय, माझं हँडल. नाही तर राहू दे."

वहिनींनी मग अट घातली. वहिनी शाळेत हेडमास्तरीण होत्या, त्यामुळे त्यांच्या अटीला उपकलमं असतात. "भाऊजी, तुम्ही पुढे, हे मागे. तुमच्या गाडीवर असं काही तरी पाहिजे जे यांना सारखं दिसत राहील. आधी फूलबागेजवळ सकाळी मला चालवून दाखवायचं, मी स्वतः उभी राहून बघणार. पास झालात तर जा. मतलब, दोघंही पास झालात तर." शेवटच्या वाक्याला त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा असं ठरलं की माझ्या सायकलीच्या मागे पिवळ्याधमक पिशव्या लावायच्या. सामानही जाईल आणि दादाला खूणही होईल. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पुढे मी शिरलो.

मी सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होतो. कालव्यांचे नकाशे काढत जन्म गेला, म्हणून मला वाटतं की कागदावर सरळ आलं ते जमिनीवर सरळ येतंच. मी मोबाईलवर जगभरच्या सायकल-प्रवाशांचे व्हिडिओ बघायला बसलो. कुणी नॉर्वेत, कुणी मंगोलियात. सगळे एकच मंत्र सांगत होते: वजन जेवढं खाली, तेवढी सायकल स्थिर. मी तो मंत्र घेतला आणि दीक्षा मिळाल्यासारखा वागू लागलो. घरी भाजीची पिशवी आली तरी मी बायकोला सांगायचो, बटाटे तळाशी घाल. ती म्हणायची, चाळीस वर्षं तळाशीच घालतेय.

परदेशी बनावटीच्या दोन पिशव्या मागवल्या. पाणी न शिरणाऱ्या, कडेला चमकत्या पट्ट्या, मागे झटकन अडकवायचे आकडे. त्या माझ्या सायकलीपेक्षा महाग होत्या. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. पण ते आकडे बारीक सळईसाठी केलेले, आणि आपल्याकडचं कॅरियर म्हणजे खाटेच्या पायाएवढ्या सळया. आकडा बसेच ना. मी तो ठोकून वाकवला. मग बसला, पण राहिना. त्याचा निकाल स्पीडब्रेकरवर लागला, तो वर सांगितलाच.

दुसऱ्या खेपेला पिशव्या नाड्यांनी बांधल्या. आता पडत नव्हत्या, पण पेडल मारताना टाच प्रत्येक फेरीला पिशवीवर आपटायची. मी पाय वाकडे टाकून चालवू लागलो. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विचारलं, "भाईसाहब, बवासीर है क्या? बढ़िया मलहम आया है." मूळव्याधीवरचं ते मलम नाकारून मी पिशव्या मागे सरकवल्या. मागे सरकवल्यावर सायकलीचं पुढचं चाक उचललं जाऊ लागलं. मग पुढे वजन म्हणून हँडलला हत्यारांची थैली लावली. आता सायकल वळेना. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि नाक माझं होतं.

दादा रोज संध्याकाळी यायचा. आमची घरं एकाच गल्लीत, तेवढा रस्ता त्याला पाठ आहे. ओट्यावर बसून विचारायचा, "झालं का रे?" मी म्हणायचो, "बस, होऊनच जाईल दोन-चार दिवसांत." संक्रांत झाली. तिळगूळ देताना तो हसत म्हणाला, "गोड बोल, पण पिशवी बांध." त्याच्या हसण्याने मला फार वाईट वाटलं. त्याने चिडायला हवं होतं.

अखेर फूलबागेजवळची पहिली परीक्षा झाली. सकाळी तिथे फिरायला येणारे लोक, योगासनवाले, एक पेरूची हातगाडी. मी पुढे, पिवळ्या पिशव्या चाकाच्या आसापर्यंत खाली, अगदी मंत्राप्रमाणे. दादा मागे. वहिनी फाटकाजवळ थर्मास घेऊन. शंभरेक पावलं गेलो असेन, मागून पेरूवाल्याचा आरडाओरडा ऐकू आला. दादाचं चाक हातगाडीच्या पायाला टेकलं होतं. लागलं नाही, पेरूही फारसे सांडले नाहीत, पण वहिनींनी थर्मासचं झाकण लावून टाकलं. दादा मला म्हणाला, "मान खाली घालून बघावं लागतं रे. मान खाली घातली की रस्ता जातो, मान वर केली की तू जातोस."

हे वाक्य इतकं स्पष्ट होतं की शेजारच्या योगासनवाल्यालाही कळलं असेल. मला त्यातलं फक्त 'खाली' ऐकू आलं. मी निष्कर्ष काढला की पिशव्या हलतात म्हणून त्याला दिसत नाहीत, हलतात कारण त्या पुरेशा खाली नाहीत, सबब नवं कॅरियर वेल्ड करून घ्यायचं, खालच्या सळयांसकट. उंटावरच्या शहाण्याला उंट तरी असतो.

इथे माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं. दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. मी "लाईट चालली गेली" म्हटलं तर तो लोळून हसला. "मामा, तुम्ही हिंदीच बोलता, फक्त मराठीत." मला लागलं. दोनशे वर्षं हिंदी मुलखात राहून आम्ही मराठी जपली, आणि हा कोथरूडचा पोर हसतो! त्या दिवसापासून मी शुद्ध मराठीचं व्रत घेतलं. 'कोशिश' म्हणणार नाही, 'प्रयत्न' म्हणेन. 'मालूम' नाही, 'ठाऊक'. वाण्याकडच्या यादीतही मी 'जिरं' लिहू लागलो. वाणी ते 'जीरा' असं वाचून घ्यायचा, बिचारा.

तर त्या व्रताच्या भरात मी कॅरियरचा नकाशा काढला. समोरून, बाजूने, वरून. मोत्यासारखं अक्षर. जिथे साधी पट्टी हवी तिथे बाण काढून लिहिलं, 'वर'. जिथे पिशव्या टांगायच्या भक्कम सळया हव्या तिथे दोन बाण काढून, ठळक लिहिलं, 'खाली'. वेल्डिंगवाल्याकडे दिला. त्याने कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "साहब, पक्का यही चाहिए?" मी म्हटलं, "जैसा लिखा है वैसा. एक सूत इधर-उधर नहीं." सही करायचं तेवढं राहिलं होतं.

आणायला गेलो तर माझी सायकल ओळखू येईना. मागच्या चाकावर एक उंच, जाडजूड आसन उभं होतं. खाली चार टेकू, वर रुंद बैठक, आणि पाठीमागे टेकायला नक्षीदार कठडा. पिशव्यांच्या सळया कुठेच नव्हत्या. मी म्हटलं, "ये क्या है?"

"जैसा आपने लिखा," तो म्हणाला आणि त्याने माझाच नकाशा माझ्यापुढे धरला. "ऊपर वर. नीचे खाली. तो नीचे हमने कुछ नहीं लगाया, बिल्कुल खाली रखा है. और ऊपर दूल्हा बैठेगा तो मजबूत तो चाहिए, पीछे टेक भी दे दी, नहीं तो बारात में गिर जाएगा बेचारा." मग त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "शादी किसकी है?"

हिंदीत वर म्हणजे नवरदेव आणि खाली म्हणजे रिकामं, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. रोज बोलतो की! पण मी शुद्ध मराठीत होतो ना. हात दाखवून अवलक्षण. नवरदेवाच्या आसनाची ती सायकल मी बाजारातून हातात धरून आणली, आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाने त्या दिवशी रस्त्यावर यायचं ठरवलं होतं.

वहिनी हसल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या. बायको तर आत जाऊन हसली आणि पुन्हा बाहेर येऊन हसली. दादाने आसन हातांनी चाचपून पाहिलं, कठड्यावरून बोटं फिरवली. "बढिया काम केलंय पण," तो म्हणाला. मी मात्र हसलो नाही. थंडी उतरत चालली होती, दुपारी स्वेटर नको व्हायला लागलं होतं, आणि मी एका माणसाचे हातात उरलेले दिवस आकडे ठोकण्यात घालवले होते. मी तसं बोलूनही दाखवलं. "दादा, माझ्याने होत नाही. तू दुसऱ्या कुणाबरोबर जा."

दादा उठला. आत गेला आणि हळदी रंगाचा अभ्रा घातलेली एक उशी घेऊन आला. आसनावर उभी ठेवली, कठड्याला टेकवली, नाडीने बांधली. "हा घे तुझा नवरदेव. आता चल, वरात काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी फूलबागेत मी वरात काढली. लाजेने इतका अर्धमेला झालो होतो की मागे बघायचंही भान राहिलं नाही. एक फेरी झाली. दुसरी झाली. मागून ना आरडाओरडा, ना पेरूवाला. फाटकाशी थांबलो तर दादा माझ्या मागे बरोबर हातभर अंतरावर थांबलेला. वहिनी म्हणाल्या, "यांनी एकदाही मान खाली नाही घातली."

उशी त्याच्या डोळ्यांच्या समोर येत होती. त्याच्या नळीच्या अगदी मधोमध. वर उशी, उशीच्या दोन्ही बाजूंना रस्ता. नॉर्वे आणि मंगोलियातल्या कुणाला पडद्याचा आजार असलेला दादा नव्हता, म्हणून त्यांना हे माहीत नव्हतं. मला होता, तरी माहीत नव्हतं.

वहिनींनी मग टोपी बाजारातून पिवळं ताडपत्रीचं कापड आणून उशीला खोळ शिवली. अंगावरचे कपडे सोडून एकेक जोड, औषधं आणि दाढीचं सामान उशीच्या मागेच कोंबलं, कारण खाली आता खरोखरच खाली होतं. परदेशी पिशव्या बायकोने कांदे ठेवायला घेतल्या. पाणी शिरत नाही, म्हणून खूश आहे.

आम्ही निघालो. सकाळचं धुकं विरेपर्यंत थांबून, हमरस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून, रमतगमत. पहिला मुक्काम डबऱ्याला. आमचे पूर्वज निशाणाच्या मागे दख्खनहून इथवर आले, आणि त्यांचा थोरला वंशज उशीच्या मागे दतियाला चालला होता. ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत होते. एकाने ओरडून विचारलं, "चाचा, दुल्हन कहाँ है?" दादा मागून ओरडला, "लेने जा रहे हैं!" त्याला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिंध नदीचा पूल लागला. पुलावर वारा होता. मागून एक भलामोठा ट्रक गेला आणि त्याच्या झोताने माझी उशी शिडासारखी भरली. सायकल कठड्याकडे ओढली गेली. मी दोन्ही पाय टेकून थांबलो. खाली पाणी दिसलं. खोटं कशाला सांगू, मला पुढे जाता येईना. मंत्र आठवला, वजन खाली, पण त्याचा काही उपयोग नव्हता. सगळं वजन छातीत गोळा झालं होतं.

मागून दादाचा आवाज आला. लहानपणी मला सायकल शिकवताना काढायचा तोच. "खाली नको बघू. समोर बघ. चल, मी मागे आहे."

मी समोर बघितलं आणि चालवली. पूल संपेपर्यंत तो मागून बोलत राहिला, आरामाने, आरामाने, सरळ, बास. पूल संपल्यावर मी उतरून पाणी प्यायलो. तो काहीच झालं नसल्यासारखा उशीची नाडी घट्ट करत उभा होता.

दुपारी दतिया आलं. गावात शिरताच मी सायकलवरून उतरलो, दादाला उतरवलं, आणि त्याचे खांदे धरून त्याला टेकडीकडे वळवलं. लख्ख ऊन होतं. तो बघत राहिला. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे जात होती, मग थोडी वर, मग पुन्हा डावीकडून. एका वेळी एक खिडकी, एक कमान, गच्चीवरची एक घुमटीदार छत्री. नळीत तेवढंच मावतं.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. दादाने महालावरची नजर न काढता फोन कानाला लावला. "हो, पोहोचलो. हो, त्याला आणलं बरोबर. ठीक आहे तो. पुलावर जरा घाबरला होता, पण मी मागे होतो ना." आणि फोन माझ्याकडे दिला.

त्याच्यासाठी म्हणून निघालो होतो, आणि त्यानेच मला सांभाळून आणलं होतं. हे सांगायला लाज वाटत नाही, बरं वाटतं.

वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला होता. "भाऊजी, दिसला का हो त्यांना?"

"दिसला वहिनी," मी म्हणालो. "पूर्ण दिसला."

"खोटं नको सांगू तिला," दादा म्हणाला. "अजून वरचे मजले राहिलेत."

मी फोन चालूच ठेवला आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. पलीकडे वहिनीही थांबल्या. मी, वहिनी आणि ती उशी, आम्ही तिघं मिळून त्याचं बघून व्हायची वाट पाहत होतो, आणि तो अजिबात घाई करत नव्हता.